आधी सांधे, मग प्रोग्राम: सोसायटीचं मेंटेनन्स बिलिंग छोट्या तुकड्यांतून कसं बांधावं

मुंबईतल्या मध्यम आकाराच्या सोसायटीत मेंटेनन्सचा हिशेब बहुधा दोनपैकी एका जागी सापडतो. एक तर खजिनदाराच्या लॅपटॉपवर वीस-पंचवीस टॅबच्या एक्सेल फाइलीत, नाहीतर विकत घेतलेल्या एखाद्या पॅकेजमध्ये. दोन्हीकडे दुखणं सारखंच असतं. बँक स्टेटमेंट वाचणं, पैसे कुठल्या फ्लॅटचे ते ओळखणं, थकबाकीवर व्याज काढणं आणि बिल छापणं ही चार वेगळी कामं एकमेकांत गुंतलेली असतात. बँकेनं स्टेटमेंटमध्ये एक कॉलम वाढवला की व्याजाचा फॉर्म्युला तुटतो. पाच वर्षांनी कमिटी बदलते आणि नव्या खजिनदाराला त्या फाइलीला हात लावायची हिंमत होत नाही.

हेच काम छोट्या, एकमेकांना जोडता येणाऱ्या प्रोग्राममधून कसं उभं करायचं ते इथे पायरीपायरीनं मांडलं आहे. टर्मिनल आणि थोडं ऑक (टेक्स्टच्या ओळी हाताळणारी छोटी भाषा) किंवा पायथन येत असेल तर पुरे. लिनक्स, मॅक किंवा विंडोजमध्ये लिनक्स चालवणारं डब्ल्यूएसएल, काहीही चालेल. कमांडची नावं लेखात देवनागरीत आहेत. टर्मिनलवर ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करायची.

युनिक्सची ही विचारसरणी मागते काय

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्समध्ये 1969 साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची सुरुवात केली. प्रोग्राम जोडण्याची कल्पना मात्र त्याआधीची. तिथलेच डग मॅकइलरॉय यांनी 1964 च्या एका टिपणात लिहून ठेवलं होतं की बागेतल्या नळीला पुढचा तुकडा फिरवून जोडावा तसे प्रोग्राम जोडता आले पाहिजेत. थॉम्पसन यांनी 1973 मध्ये पाइप प्रत्यक्षात आणला आणि एका प्रोग्रामचं आउटपुट थेट दुसऱ्याचं इनपुट होऊ लागलं. पुढे 1978 मध्ये बेल सिस्टिम टेक्निकल जर्नलच्या युनिक्स अंकात मॅकइलरॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत सूत्ररूपात मांडली. प्रत्येक प्रोग्रामनं एकच काम नीट करावं. नवं काम आलं तर जुन्यात भर घालण्यापेक्षा नवा प्रोग्राम लिहावा. आणि आपलं आउटपुट उद्या कुणी न पाहिलेल्या प्रोग्रामचं इनपुट होणार आहे, असं धरून चालावं.

पहिलं सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण काम अडतं ते शेवटच्या सूत्रावर. छोटा प्रोग्राम कुणीही लिहील. दोन प्रोग्रामच्या मधून काय वाहणार, कुठल्या क्रमानं, कुठल्या एककात, कोरी जागा कशी दाखवायची, हे आधी ठरलेलं नसेल तर दहा छोटे प्रोग्राम मिळून एका मोठ्या प्रोग्रामपेक्षा जास्त गोंधळ घालतात. म्हणून इथे सुरुवात सांध्यांपासून आहे.

पहिली पायरी: कागदावर सांधे ठरवा

उदाहरणासाठी तीन विंगची, 84 फ्लॅटची सोसायटी धरू. संगणक उघडण्याआधी कागदावर लिहा: बाहेरून काय येतं, बाहेर काय जातं आणि मध्ये कुठल्या टप्प्यावर थांबून माणसाला डोळ्यांनी तपासता आलं पाहिजे. असा प्रत्येक थांबा म्हणजे एक सांधा, आणि प्रत्येक सांध्यावर एक साधी टेक्स्ट फाइल. आपल्याला पाच पुरतात: सभासद, दर, जमा, थकबाकी आणि बिल-ओळी.

या पाचही फाइलींना एकच शिस्त लावायची. एका ओळीत एक नोंद, आणि कॉलम टॅबनं वेगळे. स्वल्पविराम नको, कारण पत्त्यात, नावात आणि रकमेत तो हमखास येतो. तारीख 2025-04-01 अशीच, म्हणजे वर्ष आधी. 01/04/2025 असं लिहिलं की सॉर्ट केल्यावर एप्रिलची पहिली तारीख मे महिन्याच्या पहिल्या तारखेला चिकटून बसते आणि 2 एप्रिल कुठेतरी खाली जाते.

रक्कम पैशांत, पूर्णांकात. 1,800 रुपये म्हणजे 180000. दशांश अपूर्णांक संगणकाच्या बायनरी पद्धतीत अचूक बसत नाहीत. 0.10 तीनदा मिळवलं तर पायथन 0.30 च्या किंचित वर जातो. 84 फ्लॅट आणि 12 महिने असं पूर्णांकन करत गेलं की ऑडिटरसमोर दोन-चार पैशांचा फरक निघू शकतो, आणि तो शोधण्यात अख्खा रविवार जातो. रुपयात रूपांतर फक्त छापताना करायचं.

फ्लॅट क्रमांकाचं एकच रूप ठरवा आणि ते कुठेही मोडू नका. बी-0704 असं विंग, डॅश आणि चार आकडे. शून्यं भरून लिहिल्यामुळे अक्षरांप्रमाणे लावलेला क्रम आणि मजल्यांचा क्रम एकच राहतो, नाहीतर बी-1001 हा बी-704 च्या आधी येतो. बी/704, बी 704, 704-बी ही सगळी रूपं बाहेरून येतीलच. ती दारातच बदलून घ्यायची.

कोऱ्या रकान्यात डॅश टाका. हे किरकोळ वाटतं, पण ऑक काही न सांगता चालवलं तर तो लागोपाठचे टॅब एकच धरतो. पार्किंग नसलेल्या सभासदाचा रकाना कोरा राहिला की त्यापुढचे सगळे कॉलम एकेक घर डावीकडे सरकतात आणि नळांची संख्या पार्किंगच्या जागी येऊन बसते. कुठलाही एरर येत नाही. बिल येतं, आणि चुकीचं येतं.

थकबाकीच्या फाइलीत मुद्दल आणि व्याज असे दोन वेगळे कॉलम हवेत. आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत, थकबाकीवरच्या व्याजाची कमाल मर्यादा वर्षानुवर्षं 21 टक्के अशी चालत आली, आणि ते सरळव्याज आहे. ‘बाकी’ असा एकच कॉलम ठेवला तर पुढच्या महिन्यात व्याजावर व्याज लागतं, आणि मूळ मुद्दल किती होतं ते त्या फाइलीतून परत काढता येत नाही. सांधा ठरवताना गमावलेली माहिती पुढचा कितीही हुशार प्रोग्राम भरून काढू शकत नाही.

दरांच्या फाइलीत प्रत्येक दरापुढे तो कधीपासून लागू आहे ती तारीख लिहा: तारीख, शीर्ष (म्हणजे पाणी, लिफ्ट असा आकारणीचा प्रकार), रक्कम. सर्वसाधारण सभेत दर वाढला तर जुनी ओळ पुसायची नाही, नवी जोडायची. मागच्या वर्षीचं बिल आज परत काढलं तरी तेव्हाचंच आलं पाहिजे.

सभासदांची नावं आणि मोबाइल नंबर हिशेबाच्या फाइलींत आणूच नका. हिशेबाला फक्त फ्लॅट क्रमांक, नळांची संख्या, पार्किंग, बांधकाम खर्च आणि फ्लॅट भाड्यानं दिला आहे का एवढंच लागतं. नावांची फाइल वेगळी, ती फक्त छपाईच्या वेळी जोडायची. मग हिशेबाच्या फाइली ऑडिटरला किंवा मदत करणाऱ्या एखाद्या रहिवाशाला बिनधास्त देता येतात.

दुसरी पायरी: दारावरची सफाई

बँकेच्या संकेतस्थळावरून उतरवलेली सीएसव्ही फाइल कधीच स्वच्छ नसते. वर आठ-दहा ओळी खातेदाराचं नाव, पत्ता आणि आयएफएससीच्या. खाली ‘हे संगणकीय विवरण आहे’ छापाची तळटीप. अगदी सुरुवातीला बीओएम नावाचे तीन न दिसणारे बाइट. ओळीच्या शेवटी विंडोजची जादा खूण. रक्कम अवतरणचिन्हात "1,25,000.00" अशी.

मूळ फाइलीला हात लावायचा नाही. उतरवली की तिला चमॉड 444 करून फक्त वाचण्यापुरती ठेवा. एक्सेलमध्ये उघडून सेव्ह तर मुळीच करू नका. यूपीआयचा संदर्भ क्रमांक 12 आकडी असतो. एक्सेल तो 4.12ई+11 अशा रूपात दाखवतो आणि सीएसव्ही म्हणून सेव्ह केलं की तसाच लिहून टाकतो. बाकीचे आकडे कायमचे गेले.

‘सफाई’ हा प्रोग्राम पायथनच्या सीएसव्ही मॉड्यूलनं लिहा. ऑकला स्वल्पविराम सांगून ओळ फोडली तर "1,25,000.00" चे तीन तुकडे होतात. फाइल उघडताना एन्कोडिंग ‘यूटीएफ-8-सिग’ द्या, बीओएम आपोआप निघून जातो. आउटपुटला चारच कॉलम: तारीख, पैसे, संदर्भ क्रमांक, तपशील. जमा रक्कम अधिक चिन्हाची, खर्च उणे चिन्हाचा.

या प्रोग्रामनं स्वतःची एक तपासणी करायलाच हवी. आरंभीची शिल्लक, अधिक सगळ्या जमा, वजा सगळे खर्च, म्हणजे अखेरची शिल्लक. जुळलं नाही तर एकही ओळ बाहेर न सोडता शून्याव्यतिरिक्त एक्झिट कोड देऊन थांबायचं. युनिक्समध्ये शून्य म्हणजे काम नीट झालं आणि दुसरं काहीही म्हणजे बिघाड. पुढचे सगळे तुकडे या एका संकेतावर विसंबून असतात. चूक झाल्याचा संदेश स्टँडर्ड एररवर, म्हणजे चुकांसाठीच्या वेगळ्या वाटेवर लिहा. तो स्टँडर्ड आउटपुटवर लिहिला तर ‘शिल्लक जुळत नाही’ ही ओळच पुढच्या प्रोग्रामला एक जमा वाटते.

बँकेचं विलीनीकरण झालं आणि स्टेटमेंटचं रूप बदललं, तर फक्त ‘सफाई’ची नवी आवृत्ती लिहायची, तिच्यापुढचं काहीही हलत नाही. सामाईक विजेच्या बिलालाही हेच लागू. शहरात बेस्ट, मुलुंड-भांडुपला महावितरण, बाकी उपनगरांत बहुतांशी अदानी. प्रत्येकाच्या बिलाचा साचा निराळा, पण दारातून आत येणारी ओळ एकाच आकाराची.

आता देवनागरी. बँकेचे तपशील सहसा रोमनमध्ये असतात, पण सभासदांची यादी आणि कमिटीनं हातानं टाइप केलेल्या पावत्या मराठीत असतात, आणि या अवजारांच्या काही जुन्या सवयी तिथे आडव्या येतात. मॅकइलरॉय यांनी 1986 मध्ये, संगणकशास्त्रज्ञ डोनल्ड नूथ यांच्या एका प्रोग्रामचं परीक्षण करताना, मजकुरातले सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द फक्त सहा कमांडच्या पाइपलाइनमध्ये काढून दाखवले होते. ती पाइपलाइन आजही नमुना म्हणून दिली जाते. मराठी मजकुरावर चालवली तर मात्र हाती काही लागत नाही, कारण तिची पहिलीच कमांड रोमन अक्षरं सोडून बाकी सगळं फेकून देते.

‘कऱ्हाडे’ हे आडनाव घ्या. एका कीबोर्डवर त्यातलं अर्ध अक्षर ‘ऱ’ आणि हलन्त असं उमटतं. दुसऱ्यावर साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे झेडडब्ल्यूजे नावाचं न दिसणारं चिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखी. मजकूर शोधणाऱ्या ग्रेप कमांडच्या लेखी ती दोन वेगळी नावं. युनिकोडचं प्रमाणीकरण चालवूनही ती एक होत नाहीत. एकाच्या जागी दुसरं घालणारी ओळ आपणच लिहावी लागते.

‘७०४’ हे देवनागरी आकडे ऑकला संख्या म्हणून कळत नाहीत. बेरजेत तो त्यांची किंमत शून्य धरतो. ते बदलायला ‘टीआर’ ही अक्षरं बदलणारी कमांड वापरू नका. लिनक्सवरचा ‘टीआर’ बाइट मोजतो, अक्षरं नाही, आणि यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. मजकूर बदलणाऱ्या सेडची ‘वाय’ कमांड यूटीएफ-8 लोकेलमध्ये (लोकेल म्हणजे भाषेची आणि अक्षरांची सेटिंग) हे काम बरोबर करते. तसंच ‘कट डॅश सी’नं नाव वीस अक्षरांवर छाटायला गेलात तर अक्षर मधोमध कापलं जाऊन बिलावर चौकोन उमटतात. हे सगळं दुरुस्त करणारा ‘अक्षर’ नावाचा एक वेगळा छोटा प्रोग्राम ठेवा आणि मराठी मजकूर आत घेताना एकदाच चालवा. प्रत्येक प्रोग्रामनं आपापल्या परीनं अक्षरं सुधारली तर कधीतरी दोघांच्या सुधारणा एकमेकांशी भांडतील.

तिसरी पायरी: पैसे कोणाचे ते ओळखणं

‘ओळख’ हा प्रोग्राम जमेची ओळ घेतो आणि पुढे फ्लॅट क्रमांक लावतो. नियम प्रोग्राममध्ये लिहू नका. वेगळ्या फाइलीत ठेवा: डावीकडे तपशिलात शोधायचा मजकूर, उजवीकडे फ्लॅट. एखाद्या सभासदाची मुलगी पुण्याहून तिच्या खात्यातून पैसे भरू लागली तर त्या फाइलीत एक ओळ वाढते, आणि ती ओळ प्रोग्रामिंग न येणारा सेक्रेटरीही लिहू शकतो.

जे ओळखता आलं नाही ते ‘अनोळखी’ फाइलीत जातं. अंदाज करायचा नाही. दोन नियम एकाच ओळीला लागू पडले तर तीही अनोळखीच. 704 हा आकडा ए, बी आणि सी या तिन्ही विंगमध्ये असतो, त्यामुळे विंग न लिहिता आलेलं ‘मेंटेनन्स 704’ ही कायमची डोकेदुखी असते. शेवटी मोजा: आत आलेल्या जमेच्या ओळी म्हणजे ओळखलेल्या अधिक अनोळखी. ही बेरीज जुळली नाही तर कुठेतरी ओळ गळली आहे.

तारखा एकमेकांवर चढलेली दोन स्टेटमेंट उतरवली की काही जमा दुबार येतात. त्या काढायला थेट ‘युनिक’ ही दुबार ओळी काढणारी कमांड चालवू नका. एक तर तो फक्त लागोपाठच्या सारख्या ओळी काढतो, म्हणून आधी सॉर्ट लागतं. आणि दुसरं, बँकेनं दुसऱ्या वेळी तपशिलात एखादी जागा जास्त सोडली असेल तर ओळ सारखी उरतच नाही. दुबार ओळख संदर्भ क्रमांकावरून करा. यूपीआयचा 12 आकडी, एनईएफटीचा 16 अक्षरी, आरटीजीएसचा 22 अक्षरी, हे चालतात. चेकचा क्रमांक एकटा चालत नाही, कारण दोन बँकांच्या चेकबुकांत तोच सहा आकडी क्रमांक असू शकतो. तिथे तारीख, रक्कम आणि चेक क्रमांक असे तिन्ही मिळून पाहा.

चौथी पायरी: प्रत्येक शीर्षाचा वेगळा प्रोग्राम

या सगळ्या मांडणीत सर्वांत जास्त फळ देणारा निर्णय इथे आहे, म्हणून थोडं सावकाश.

एक्सेलची सवय अशी की एका फ्लॅटची एक आडवी ओळ, आणि मालमत्ता कर, पाणी, लिफ्ट, सेवाशुल्क, सिंकिंग फंड असे कॉलम उजवीकडे वाढत जातात. तसं करू नका. बिल-ओळींची फाइल उभी ठेवा. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: फ्लॅट, महिना, शीर्ष, पैसे. बी-0704 च्या एका महिन्याच्या सात-आठ ओळी होतील. वाचायला लांब वाटते, पण आता प्रत्येक शीर्षाचा प्रोग्राम स्वतंत्र होतो. त्यानं फक्त स्वतःच्या ओळी या आकारात बाहेर टाकायच्या. बाकीची शीर्षं आहेत की नाहीत हे त्याला माहीत असण्याचं कारण नाही.

सेवाशुल्क आणि लिफ्टचा खर्च सगळ्या फ्लॅटना समान. पाणी नळांच्या संख्येप्रमाणे आणि आकाराप्रमाणे. सिंकिंग फंड फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के, दुरुस्ती निधी 0.75 टक्के. बांधकाम खर्च 12,00,000 धरला तर सिंकिंग फंडाचे वर्षाला 3,000 म्हणजे महिन्याला 250 रुपये, आणि दुरुस्तीचे महिन्याला 750. फ्लॅट भाड्यानं दिला असेल तर बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या जास्तीत जास्त 10 टक्के: सेवाशुल्क 1,800 असेल तर 180 रुपये. मालमत्ता कराचं महापालिकेचं देयक सहामाही येतं. ते महिन्यांत वाटायचं की सहामाही बिलातच लावायचं हे कमिटीनं ठरवावं आणि दरांच्या फाइलीत उतरवावं.

व्याजाचं गणित: 10,000 रुपये मुद्दल, 21 टक्के, एक महिना, म्हणजे 175 रुपये. पैशांत: 1000000 गुणिले 21, त्यात 600 मिळवा, आणि 1200 नं भागून अपूर्णांक सोडून द्या. ते 600 मिळवल्यामुळे अर्धा किंवा त्याहून जास्त पैसा वर जातो, कमी असेल तर खाली. पूर्णांकन एकाच रीतीनं व्हावं म्हणून हा नियम एकाच जागी लिहा आणि सगळ्यांनी तोच वापरावा.

समान वाटणीत एक खोच आहे. लिफ्टच्या देखभालीचे 10,000 रुपये 84 फ्लॅटमध्ये वाटले तर प्रत्येकी 119.0476 येतात. 119.05 लावले तर एकूण 10,000.20 जमा होतात, 119.04 लावले तर 9,999.36. दोन्ही चालतील, पण फरक कुठल्या खात्यात जाणार ते ठरवून त्याचीही एक ओळ निघाली पाहिजे. नाहीतर वर्षअखेरीला लिफ्ट खात्यात न समजणारी शिल्लक उरते.

आता ही रचना काय देते ते बघा. आवारात विजेच्या गाड्यांचं चार्जिंग सुरू झालं. ‘चार्जिंग’ नावाचा प्रोग्राम लिहा, तो मीटरची नोंद घेऊन त्याच चार कॉलमच्या ओळी टाकेल. बेरीज करणाऱ्या, बिल छापणाऱ्या आणि व्याज काढणाऱ्या प्रोग्रामला काहीच सांगावं लागत नाही. आडव्या टेबलात हेच करायचं तर प्रत्येक फॉर्म्युल्यात कॉलम वाढवावा लागला असता.

एक पथ्य मात्र कडक पाळा. कुठल्याही प्रोग्रामनं आजची तारीख घड्याळातून घ्यायची नाही. महिना बाहेरून द्या: ‘व्याज 2025-07’. घड्याळ बघणारा प्रोग्राम जुलैचं बिल ऑगस्टमध्ये परत काढताना जादा महिन्याचं व्याज लावतो.

पाचवी पायरी: जोडणी

सगळं जोडणारी स्क्रिप्ट लहान असते आणि लहानच राहिली पाहिजे. तिचा गाभा साधारण असा:

सफाई < स्टेटमेंट | ओळख | सॉर्ट > जमा.नवी

बॅश वापरत असाल तर वरच ‘सेट डॅश ई यू’ आणि ‘पाइपफेल’ लावा. पाइपफेल नसेल तर पाइपलाइनचा निकाल फक्त शेवटच्या कमांडवरून ठरतो. सफाईनं शिल्लक जुळत नाही म्हणून काम थांबवलं, पण सॉर्टनं रिकामं इनपुट आनंदानं सॉर्ट करून शून्य परत केला, तर स्क्रिप्ट सगळं ठीक समजून पुढे जाते. उलट बाजूही लक्षात ठेवा: ग्रेपला काहीच सापडलं नाही तर तो 1 परत करतो. अनोळखी जमा एकही नसलेला महिना चांगलाच, पण त्याच महिन्यात ‘सेट डॅश ई’ स्क्रिप्ट बंद पाडतो. तिथे हा निकाल मुद्दाम हाताळा.

वर ‘जमा.नवी’ असं नाव दिलं आहे ते कारणानं. सॉर्ट जमा > जमा असं लिहिलं तर शेल आधी ‘जमा’ फाइल रिकामी करतो आणि मग सॉर्ट सुरू होतो. सॉर्टच्या हाती कोरी फाइल येते. नव्या नावानं लिहा, तपासा, आणि सगळं नीट झाल्यावरच ‘एमव्ही’नं जुन्या नावावर आणा. त्याच डिस्कवर असेल तर हा बदल एका झटक्यात होतो आणि अर्धवट लिहिलेली फाइल कुणाला दिसत नाही.

दोन फाइली समान कॉलमवरून जोडणारी ‘जॉइन’ कमांड वापरताना दोन गोष्टी. दोन्ही फाइली एकाच लोकेलमध्ये सॉर्ट झालेल्या हव्यात, म्हणून स्क्रिप्टच्या सुरुवातीला ‘एलसी_ऑल’ची किंमत ‘सी’ ठेवा. सेडची आकडे बदलणारी ती ‘वाय’ कमांड तेवढी यूटीएफ-8 मध्ये चालवा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जॉइन आपणहून फक्त दोन्हीकडे सापडलेल्या ओळी देतो. सभासद आणि जमा असं जोडलं की ज्या फ्लॅटनं या महिन्यात पैसे भरलेच नाहीत तो यादीतून नाहीसा होतो, म्हणजे थकबाकीच्या पत्रकातून नेमके थकबाकीदार गळतात. ‘डॅश ए 1’ देऊन पहिल्या फाइलीतल्या सगळ्या ओळी ठेवायला सांगा, आणि आउटपुट 84 ओळींचंच आहे ना ते ‘डब्ल्यूसी डॅश एल’नं मोजा.

छपाई सगळ्यात शेवटी आणि पूर्ण वेगळी. त्याच बिल-ओळींतून एक प्रोग्राम पीडीएफ काढेल, दुसरा व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा मजकूर, तिसरा ऑडिटरचं शीर्षवार पत्रक. छापणाऱ्या प्रोग्रामनं एकही रक्कम स्वतः ठरवायची नाही. तो बेरीज करेल, रुपयांचं रूप देईल आणि नाव जोडेल. पीडीएफमध्ये एक आकडा आणि पत्रकात दुसरा अशी वेळ आली तर समजा की छपाईत कुठेतरी हिशेब शिरला आहे.

तुकडे किती लहान?

प्रोग्राम किती ओळींचा आहे त्यावरून हे ठरत नाही. विचारा: हा तुकडा बदलायचं कारण काय असेल? सफाई बदलेल ती बँकेमुळे, व्याज बदलेल ते सभेच्या ठरावामुळे, छपाई बदलेल ती सभासदांच्या सोयीमुळे. कारणं वेगळी तर तुकडे वेगळे. मुद्दल आणि व्याज यांत आलेली रक्कम कशी विभागायची हा मात्र एकच निर्णय आहे. त्याचे दोन प्रोग्राम केले तर दोघांना एकमेकांच्या पोटात डोकावत बसावं लागतं.

सांधे नीट असतील तर आतला प्रोग्राम नंतर खुशाल बदला. लिनस टॉर्वाल्ड्स यांनी 2005 मध्ये सुरू केलेलं, फाइलींतले बदल नोंदवून ठेवणारं गिट आधी छोट्या कमांड आणि शेल स्क्रिप्टांचं होतं. त्यातल्या बऱ्याच स्क्रिप्टा पुढे सी भाषेत परत लिहिल्या गेल्या, तरी वापरणाऱ्यांच्या कमांड त्याच राहिल्या. तुमची ऑकमधली ‘ओळख’ उद्या पायथनमध्ये गेली तरी आत-बाहेरची ओळ तीच ठेवा. या सगळ्या टेक्स्ट फाइली गिटमध्येच ठेवल्या तर दर कधी बदलला आणि कुठली नोंद कुणी दुरुस्त केली हे ओळीनिशी दिसतं. नावांची आणि नंबरांची फाइल तेवढी बाहेर ठेवा.

ही पद्धत सगळीकडे लावू नका. सेक्रेटरी, मॅनेजर आणि खजिनदार एकाच वेळी वेगवेगळ्या मोबाइलवरून पावत्या नोंदवणार असतील तर टेक्स्ट फाइल टिकणार नाही. एकाचं लिखाण दुसऱ्यावर चढेल. तिथे एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस घ्या. सगळा डेटा एका फाइलीत, आणि व्यवहार पूर्ण होतो किंवा होतच नाही. त्यातून टॅबच्या ओळी बाहेर काढणारा एक तुकडा लिहिला की पुढची साखळी आहे तशी चालते.

शेवटची पायरी: जुन्याशेजारी नवं

पहिल्याच महिन्यात जुनी एक्सेल बंद करू नका. एप्रिल, मे आणि जून अशी तिमाही दोन्ही चालवा. जुन्या एक्सेलमधून फ्लॅट आणि एकूण रक्कम अशी दोन कॉलमची फाइल काढा, नव्या साखळीतूनही तशीच काढा, दोन्ही सॉर्ट करा आणि दोन फाइलींतला फरक दाखवणारी ‘डिफ’ कमांड लावा. पहिल्या खेपेला बरेच फरक निघतील. प्रत्येक फरकाचं कारण एका ओळीत लिहून ठेवा: पूर्णांकन, जुन्या फाइलीतली चूक, नव्या नियमातली चूक, की कमिटीनं तोंडी दिलेली सवलत.

शेवटचा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. एखाद्या फ्लॅटचं पार्किंग शुल्क कुणीतरी कधीतरी माफ केलेलं असतं आणि ते फक्त एक्सेलच्या एका सेलमध्ये हातानं टाइप केलेलं असतं. असं प्रत्येक प्रकरण कमिटीसमोर ठेवा, ठराव घ्या आणि ‘सवलत’ नावाच्या नव्या फाइलीत उतरवा. तिचा प्रोग्राम त्याच चार कॉलमच्या, उणे रकमेच्या ओळी टाकेल. एका पूर्ण महिन्याचा डिफ रिकामा आला की जुनी फाइल चमॉड 444 करून ठेवा आणि पुढचं बिल नव्या साखळीतून काढा.